नाव झाकावे, दोष झाकू नये

अंतरंगशुद्धी आणि बहिरंगशुद्धी या दोन्ही गोष्टी बसवण्णांनी एकाच वचनात सांगितल्या आहेत. मनातल्या मनात दोष ओळखला, पण तो आचारात उतरून कोणाच्या उपयोगी पडला नाही, तर शुद्धी अर्धीच राहते. परंतु दोष बोलून दाखवताच दंड होणार असेल, तर सामान्य माणूस गप्प बसतो. हे मौन किती महाग पडते, याचे उदाहरण विमानचालनाच्या क्षेत्रात आहे.

१ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे विमान अमेरिकेतील डलेस विमानतळाकडे येत होते. नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी 'आता आणखी खाली यावयास हरकत नाही' असा घेतला. वाटेत व्हर्जिनियातील माउंट वेदर हा डोंगर होता. विमान त्यावर आदळले आणि आतील सर्व ९२ जण मृत्यू पावले. चौकशीत कळले की, सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाकडून तशीच गफलत होऊन ते थोडक्यात बचावले होते. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण ते ज्ञान कंपनीच्या कुंपणाबाहेर गेले नाही.

पुढे १९७५ मध्ये तेथील विमानवाहतूक प्रशासनाने वैमानिकांकडून चुकांची माहिती मागवली. पण जो दंड करतो त्याच्याच हाती कबुली कोण देणार? म्हणून १९७६ पासून हे काम नासा या त्रयस्थ संस्थेकडे आले. अर्जावरील नावाची पट्टी पाठविणाऱ्याला परत जाते, ओळख पुसली जाते आणि उरलेला बोध सर्वांसाठी प्रसिद्ध होतो. ब्रिटनने १९८२ मध्ये अशीच 'चर्प' नावाची व्यवस्था उभारली. १९९६ पासून ती स्वतंत्र धर्मादाय न्यास म्हणून चालते.

कोणी विचारील, ही तर पळवाट झाली! दोषी सुटला, मग न्याय कोठे राहिला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या व्यवस्थेच्या मर्यादांत आहे. अमेरिकेत हे अभय जाणूनबुजून केलेल्या कृत्याला नाही, गुन्ह्याला नाही, घडलेल्या अपघातालाही नाही. दहा दिवसांच्या आत सांगितले तरच दंड टळतो. नियमभंगाची नोंद मात्र होऊ शकते. शिवाय हे निनावी पत्र नव्हे. निनावी पत्र लिहिणारा कोणासमोरच उभा राहत नाही. येथे वैमानिक आपले नाव विश्वासाच्या एका ठिकाणी सांगतो, शंका असल्यास त्याला विचारता येते. त्यानंतरच ते नाव बाजूला होते.

शरणांनी आपल्या वचनांखाली स्वतःचे नाव घातले नाही, अंकित घातले. बसवण्णांचे कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींचे चेन्नमल्लिकार्जुन. अंकितावरून वचनकार ओळखू येतो हे खरे. परंतु 'मी' मागे सरतो आणि अनुभव पुढे येतो. त्या अनुभवाची देवघेव अनुभव मंटपात झाली. आपल्याजवळचे धान्य वाटणे हा दासोह, तसा आपल्या चुकीतून मिळालेला बोध वाटणे हाही दासोहच होय. धान्य देताना मान मिळतो. दोष देताना मान जाण्याची भीती असते. म्हणून हा दासोह अधिक कठीण, आणि तो करू देणाऱ्या समाजाची जबाबदारीही अधिक मोठी.

वाचकहो, हा प्रश्न केवळ आकाशातला नाही. शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात, घरातही चुका होतात. तेथे प्रथम 'कोणी केले?' असे विचारले जाते की 'कसे घडले?' असे? पहिल्या प्रश्नाचाच धाक ज्या घरात आहे, तेथे मुलेही खोटे बोलायला शिकतात. सत्य बोला, असा उपदेश करणे सोपे आहे. सत्य बोलणाऱ्याला उभे राहण्यापुरती जागा करून देणे, हे ऐकणाऱ्याचे कायक आहे.