वहाण, पायतण आणि जोडा

भाविक वाचकहो, पायातली वहाण पायातच बरी, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. सून दोन शब्द बोलली की ही म्हण निघते. गड्याने मजुरी मागितली की निघते. आणि ज्याने ती वहाण शिवली त्याच्यावर तर ती पिढ्यान्पिढ्या फेकली गेली. आम्ही म्हणतो, म्हण तोंडावर आणण्यापूर्वी त्या शब्दालाच विचारा ना, की बाबा, तू कोण, कुठला?

वहाण हा शब्द संस्कृतातल्या उपानह् पासून आला. नह् म्हणजे बांधणे. पायाशी जवळ बांधलेली ती उपानह्. पालीत तिची उपाहना झाली. न आणि ह यांनी जागा बदलल्या, प्राकृतात आरंभीचा उ गळून वाहणा राहिली, आणि आमच्या आजीच्या तोंडी वहाण आली. शतपथ ब्राह्मणात राजसूय यज्ञाच्या वेळी राजा डुकराच्या कातड्याच्या उपानहा पायात घालतो. म्हणजे राज्याभिषेकाच्या विधीतही वहाणेला जागा आहे! याच नह् धातूपासून सन्नद्ध शब्द झाला. कंबर बांधून तयार तो सन्नद्ध. आणि पायाला बांधून वाटेस नेते ती वहाण. दोघी एका आईच्या लेकी. एकीला मान आणि एकीला हेटाळणी, हा न्याय कुठला?

आता पायतण घ्या. पादत्राण, मग पायत्ताण, मग पायताण, पायतण. कोल्हापूरकडे पायताणच म्हणतात. त्राण म्हणजे रक्षण. देवाला आपण त्राता म्हणतो ना? तोच धातू इथे काट्याकुट्यांत उभा आहे. शांतिदेव नावाच्या बौद्ध आचार्याने बोधिचर्यावतारात फार मार्मिक दृष्टांत दिला आहे. सगळी पृथ्वी झाकायला चामडे कुठून आणणार? आपल्या वहाणेपुरते चामडे असले की पृथ्वी झाकल्यासारखीच. तसे सारे जग सुधारायच्या आधी आपले मन आवरावे. पाहा, वहाण गुरूचे काम करते!

आणि जोडा? जोडणे यापासून जोडा. एकटा डावा किंवा एकटा उजवा काय कामाचा? नवराबायकोलाही आपण जोडाच म्हणतो. मग बायकोला वहाण म्हणणाऱ्याने आपण त्याच जोडीतले दुसरे पायतण, हेही कबूल करावे. एक खाली आणि एक वर असा जोडा कोणी पाहिला आहे काय?

अहो, कच्चे कातडे भिजले की लिबलिबीत, वाळले की लाकडासारखे ताठ, आणि तसेच राहिले तर कुजणार. ते चुन्यात घालून केस काढायचे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे, तेव्हा कुठे ते टिकते. या खटपटीला मराठीत कातडे कमावणे म्हणतात. कमावणे हे काम या शब्दाचे, आणि काम हे कर्म या शब्दाचे रूप. मनुष्याचे मनही कच्चेच असते. सुखात ओघळते, दुःखात ताठते. नामाच्या पाण्यात ते मुरवल्याशिवाय कमावले जात नाही.

हे कमावण्याचे काम ज्यांनी केले त्यांना आपण काय दिले? चर्मकार म्हणजे चर्माचे काम करणारा. कुंभकाराचा कुंभार, तसा चर्मकाराचा चांभार. शब्दात शिवी नाही, शिवी आपल्या जिभेत आहे. काशीचे संत रोहिदास हेच काम करीत हरिभजन करीत होते, आणि त्यांची पदे 1604 साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथाच्या परंपरेत आज मस्तकी धरली जातात. मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्या समाजावर लादले, त्यातले आमचे चोखोबा. त्यांची समाधी पंढरीस महाद्वाराबाहेर आहे. दार सर्वांना उघडावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हे वारकऱ्यांनी विसरू नये.

भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या. आळंदीहून नि देहूहून आपण पालखीत काय नेतो? पादुकाच. त्यांच्यापुढे आडवे पडायचे, आणि वाटेच्या कडेला बसून वारकऱ्यांची तुटकी पायतणे फुकट शिवून देणाऱ्याला अरेतुरे करायचे, ही भक्ती नव्हे.

तात्पर्य, यंदाच्या वारीला निघताना एवढे करा. ज्याच्याकडून वहाण शिवून घ्याल, त्याला माउली म्हणा, त्याच्यापुढे वाका, आपल्या घोटातला घोट त्याला द्या. आणि ती म्हण घरात पुन्हा कोणी काढली, तर सांगा, वहाण म्हणजे जवळ बांधलेली. जवळ बांधलेल्याला दूर लोटू नये.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!