आपला ‘हो’ कोणासाठी?



विचुंबे-पनवेल परिसरातून आपल्यापैकी कितीतरी जण महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत जातात आणि फोनवरून जर्मनी-अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर काम करतात. काही जण आखातात आहेत, काही जहाजांवर. तिकडचा साहेब विचारतो, “शुक्रवारपर्यंत काम होईल का?” आपण म्हणतो, “हो, करतो.” होणार नाही हे मनात ठाऊक असते. शुक्रवार उजाडतो आणि तो म्हणतो, “तुम्ही खोटे बोललात.” आपल्याला वाईट वाटते. आपण तर त्याचा मान राखला होता!

मग हे खोटे का? आपल्या माणसांत “बघतो, जमलं तर” म्हटले की ऐकणाऱ्याला नकार कळतो. कोणी फसत नाही. परक्या माणसाला मात्र ही खूण ठाऊक नसते. तो आपल्या शब्दावर विसंबून पुढची कामे ठरवतो. त्याची चुकीची समजूत झाली आहे हे दिसत असूनही आपण गप्प राहिलो, तर त्यात त्याचा मान कुठला? आपण फक्त आपली सुटका करून घेतलेली असते.

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून आलेले एक विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले. ७३ जण मरण पावले. उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत ते तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत होते. इंधन संपत आल्याचे खाली कळवले गेले, पण ‘आणीबाणी’ हा शब्द वैमानिकांनी उच्चारला नाही. ते खोटे बोलले नव्हते. तरी सत्य पोहोचले नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय २१) प्रभू येशू दोन मुलांचा दाखला देतो. एकाने बापाला अदबीने होकार दिला, पण मळ्यात गेला नाही. दुसऱ्याने आधी नकार दिला आणि मग गेला. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून तिकडचा फटकळपणा उचलावा असे नाही. सत्य प्रीतीने बोलावे, असे संत पौल इफिसकरांना सांगतो. “शुक्रवारी जमणार नाही, सोमवारी नक्की देतो,” यात मानही आहे आणि सत्यही. आणि आपल्यापैकी जे साहेब आहेत, आईबाप आहेत, त्यांनीही स्वतःला विचारावे: आपल्यासमोर ‘नाही’ म्हणायची कोणाला भीती तर वाटत नाही ना? नकार ऐकताच संतापणारा माणूसच समोरच्याला खोटा ‘हो’ शिकवतो.

प्रभू आपल्याला खरे बोलण्याचे धैर्य आणि खरे ऐकण्याची नम्रता देवो.