नटवर मरून राहिला

नागपूरच्या अंबाझरी लेआउटमधल्या एका घरात 2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतला एक साप राहायला आला. जात अमेरिकेतली म्हणायची. तो स्वतः बहुधा कुठल्यातरी प्लास्टिकच्या डब्यातच अंड्यातून बाहेर आला असावा. वेस्टर्न हॉगनोज. कॅनडाच्या दक्षिणेपासून मेक्सिकोच्या उत्तरेपर्यंत जो कोरडा, वाळूमातीचा गवताळ मुलूख आहे, तिथला हा रहिवासी. हातभर लांबी, अंगावर तपकिरी ठिपके आणि डुकराच्या नाकाडासारखा वर वळलेला नाकाचा शेंडा. या शेंड्याने माती उकरायची, आत दडलेला भेक शोधायचा आणि गिळायचा, हा त्याचा वंशपरंपरागत धंदा. मागच्या दातांत थोडं विष असतं, ते भेकाला पुरतं. माणसाला चावलाच तर बहुधा नुसता हात सुजतो.

घरातला थोरला मिहानमधल्या एका कंपनीत इंजिनिअर होता. मुंबईच्या कुणाकडून तरी त्याने हा साप मागवला. देणारा म्हणाला, ‘कागदांची काही कटकट नाही.’ शहाण्या माणसाने इथेच थांबून विचारायला हवं होतं. आपल्याकडचा नाग किंवा धामण घरात ठेवली तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, परदेशी सापाला ते लागू नाही, असं थोरल्याने आईला समजावलं. ते अर्धं खरं होतं. 2022 च्या दुरुस्तीने साइटिस या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद आली आणि हॉगनोज त्या यादीत नाही, हे खरं. पण परवान्याशिवाय असा प्राणी देशात आणता येत नाही, हेही खरंच. कागदांची कटकट नाही याचा अर्थ कागदच नाहीत, एवढं इंजिनिअर माणसाला कळायला हरकत नव्हती.

सापाचं नाव पडलं नटवर. ते का, हे पहिल्याच रविवारी सगळ्यांना कळलं.

मित्र जमले. थोरल्याने काचेच्या पेटीचं झाकण काढून बोट पुढे केलं. नटवरने मान चपटी केली, इतकी की एकाने ‘अबे, नाग!’ म्हणून खुर्चीच सोडली. मग फुसफुस. मग दोन-तीनदा झेप, पण तोंड मिटलेलं. नाकाने नुसती धडक. बोट तरीही तिथेच. तेव्हा नटवरने शेवटचं अस्त्र काढलं. अंगाला पीळ दिला, उताणा पडला, तोंड उघडं टाकलं, जीभ बाहेर लोंबली आणि खोलीत कुजका वास सुटला. मेला.

‘काय बे, मेला का?’

‘मेला नाही, मरून राहिला,’ थोरला म्हणाला. खोलीभर हशा. खरी गंमत पुढेच होती. त्याने साप उचलून पालथा ठेवला. मेलेला साप पालथा राहायला तयार होईना. लगेच वळून पुन्हा उताणा झाला. पुन्हा पालथा केला, पुन्हा उताणा. मेलेल्याने उताणंच असलं पाहिजे, यावर नटवर ठाम होता.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी खेळ. शेजारचा तिसरीतला पोरगा पहिल्या रांगेत. दोन-तीन रविवारांत त्याला सगळा क्रम पाठ झाला आणि तो हात मागे बांधून घोषणा करू लागला : ‘आता फणा काढणार. आता खोटं खोटं चावणार. आता मरणार!’ पाहुणे त्याचंही कौतुक करत.

थोरला निष्काळजी होता असं कुणी म्हणू नये. नागपूरच्या मे महिन्यात त्याने त्या सापासाठी रात्रंदिवस एसी चालवला. पेटीचं एक टोक बत्तीस अंशांचं, दुसरं पंचविसाच्या आत, दोन्हीकडे थर्मामीटर. कूलर चालला नसता, त्याची ओल या कोरड्या मुलखातल्या जनावराला सोसत नाही. आईबाबा मात्र हॉलमध्ये कूलरसमोरच झोपत होते. फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गोठवलेली उंदरांची पिल्लं असत. एकदा आईने कुल्फी समजून तो डबा उघडला. त्या दिवसापासून घरात दोन फ्रीज झाले.

धाकटी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत होती. रविवारच्या खेळाला ती थांबत नसे. एकदा थांबली. नटवर मेलेला, भोवती सात-आठ माणसं वाकून पाहत असलेली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

‘दादा, तो कधी उठतो ते पाहिलंस का?’

‘उठतो आपल्या मनाने. कधी पाच मिनिटं, कधी दहा.’

‘आपल्या मनाने नाही. सगळे तिकडे भिंतीकडे तोंड करा बरं.’

नवा खेळ असेल म्हणून सगळे वळले. एकाने मात्र मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावून खांद्यावरून मागे धरला, म्हणून तो प्रसंग सगळ्यांना दिसला. पडद्यावर आधी काहीच नाही. मग लोंबणारी जीभ आत गेली. डोकं जरासं वळलं. थोडा वेळ तसंच. मग पोटाचा पांढुरका-काळा पट्टा हळूहळू खाली गेला, नटवर सुलटा झाला आणि डोकं उचलून त्याने सगळ्यांच्या पाठींकडे पाहिलं. कुणीतरी हसून मान वळवली. नटवर तत्क्षणी मेला.

धाकटीने मग सांगितलं. गॉर्डन बर्गहार्ट आणि हॅरी ग्रीन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1988 मध्ये हॉगनोजच्या पूर्वेकडच्या भाऊबंदांवर, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांवर, हा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणूस टक लावून पाहत राहिला की पिल्लं जास्त वेळ मेलेली राहतात. नजर दुसरीकडे वळवली की लवकर उठतात. ‘म्हणजे तो मेल्यावरही आपल्याकडेच बघत असतो. आपण गेलो का, याची वाट बघत असतो. तुम्ही जितका वेळ शूटिंग करता तितका वेळ त्याच्या डोक्यावर घार बसलेली आहे, असं समजा.’

इथे गोष्ट संपायला हवी होती. थोरल्याने ऐकलं, मान हलवली आणि पुढच्या रविवारपासून खेळाला दुसरा अंक जोडला. ‘आता सगळे तिकडे तोंड करा!’ पोरगा ओरडे, आणि लोक पाठमोरे होऊन मोबाइलमध्ये पाहत. ज्ञानाचा असाही उपयोग होतो. कुठल्याही वयात होतो.

श्रावण लागला आणि नटवर कंटाळला. कंटाळला हा आपला शब्द. पाळलेले हॉगनोज हात रोजचा झाला की बहुधा हे सोंग सोडतात, कारण भीतीलाही सरावाने बोथटपणा येतो. बोट दाखवलं तर तो नुसता बघे. पाहुणे हिरमुसले. मग थोरला बोटाऐवजी पट्टीने टोचू लागला. एकदा जेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी खेळ लावला. नटवरने मरता मरता अख्खं पिल्लू ओकून टाकलं. त्यानंतर त्याने खाणं सोडलं. हॉगनोज तसे उपासाचे पक्के असतात, महिना-महिना तोंड लावत नाहीत, असं थोरल्याने वाचलं होतं. वाचलेलं खरंच होतं, आणि त्या आधारावर तो निर्धास्त राहिला.

सप्टेंबरात महालक्ष्म्या बसल्या. पूजेचं जेवण झालं, घर दमून झोपलं, आणि 23 तारखेच्या पहाटे नागपूरवर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. आईने आधी महालक्ष्म्यांचे मुखवटे वरच्या मजल्यावर नेले, थोरल्याने काचेची पेटी. बाकी सगळं पाण्यात.

पाणी ओसरल्यावर गल्लीत नुसता गाळ. लोक फावड्यांनी गाळ ओढत होते, भिजल्या गाद्या बाहेर काढत होते. शेजारच्या अंगणात विटांचा ढीग होता, त्यामागून कुणीतरी पत्र्याचा तुकडा ओढला आणि आरडाओरडा झाला. साप! दहा-बारा जण गोळा झाले, दोघांच्या हातात काठ्या, बाकीच्यांच्या हातात मोबाइल. पत्र्याखालच्या सापाने अंग वर उचललं आणि मान पसरली.

पुराच्या पाण्यात बहुतेक वेळा पाणदिवड वाहून येते, आपल्याकडचा धोंड्या. तोही मान चपटी करून दाखवतो, आणि नाग समजून उगाच मारला जातो. पण हा धोंड्या नव्हता. मानेवर चष्म्याची खूण स्पष्ट होती.

गर्दीच्या पायांतून तिसरीतला पोरगा पुढे आला. हात मागे बांधलेले. सराईत आवाजात म्हणाला, ‘घाबरू नका. आता खोटं खोटं चावणार. आता मरणार.’ आणि एक हात सोडून, बोट पुढे करत तो चालू लागला.

थोरला फाटकातच उभा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. धाकटीने फावडं टाकलं, दोन ढांगांत पोराच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्याला मागे खेचून गाळात बसवलं. पोरगा रडायला लागला. त्याला खरंच कळेना की आपलं काय चुकलं.

‘मागे व्हा सगळे. काठ्या खाली. उभं राहून पाहू नका त्याच्याकडे!’

लोक मागे सरले. नागाने थोडा वेळ फणा तसाच धरला, मग आवरला आणि तो विटांच्या आत शिरला. हॉगनोजच्या खेळात फण्यानंतर धडक असते आणि धडकेनंतर मरण. नागाकडे मरणाचा हा अंक नाही. ‘लांब राहा’ हे एवढं एकच वाक्य तो फण्याने सांगतो, आणि कुणी ऐकलंच नाही तर चावतो. हॉगनोजही मान पसरून हेच सांगत होता. त्याचं न ऐकण्याची सवय त्या पोराला दर रविवारी, चहा-चिवड्यासकट, लावली गेली होती. हात आणखी वीतभर पुढे गेला असता तर त्या पाणी भरलेल्या शहरातून पोराला मेडिकलला कसं न्यायचं, हा प्रश्न उभा राहिला असता.

वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन लावला. लोक येईपर्यंत धाकटी ढिगापासून लांब, पण ढिगावर नजर ठेवून बसली. नाग पिशवीत गेला तेव्हा दुपार झाली होती. पोराची आई थोरल्याला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारचे खेळ बंद झाले. थोरल्याला आता नटवर घरात नको होता, पण नको म्हणून जायला त्याला जागा नव्हती. अंबाझरीच्या काठावर सोडावा तर इथल्या हवेत तो मरेल. आणि जगलाच, तर कोणते आजार इथल्या सापांना देईल याचा नेम नाही. वनखात्याकडे न्यावा तर पहिला प्रश्न ‘कुठून आणला’ हाच. विकावा तर दुसरा कुणीतरी रविवारचे खेळ लावणार. त्याच डिसेंबरात बातमी आली : मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे केक आणि बिस्किटांच्या पाकिटांत नऊ बॉल पायथॉन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. थोरल्याने बातमी दोनदा वाचली. आपला नटवर कुठल्या पाकिटातून आला असेल, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आता विचारून उपयोग नव्हता.

शेवटी त्याने धाकटीचं ऐकलं. पेटीच्या तिन्ही बाजूंना खाकी कागद लावला. आत वीतभर जाडीचा भुसभुशीत थर घातला. आठवड्याला एकदा पाणी बदलायचं, संध्याकाळी पिल्लू ठेवायचं आणि खोलीतून निघून जायचं. पहिली दोन पिल्लं तशीच पडून राहिली. तिसरं सकाळी दिसलं नाही.

आता कुणी पाहुणा आला आणि साप दाखव म्हणाला, तर थोरला पेटी दाखवतो. पेटीत माती दिसते. ‘यात कुठाय?’ ‘आत आहे.’ ‘दिसून नाही राहिला.’ ‘नाहीच दिसत.’ पाहुण्याला वाटतं, आपली चेष्टा चालली आहे. एका मातीच्या डब्याला हा माणूस मे महिन्यात एसी लावतो, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. आईच्या मात्र शिरलं आहे. ती आता त्याच खोलीत दुपारी झोपते, एसी वाया का घालवायचा म्हणून.

नीट सांभाळलेला हॉगनोज पंधरा वर्षं सहज जगतो, काही वीस गाठतात. कुणी घ्यायला निघालंच असेल, तर तेवढी वर्षं आपल्या वयात मिळवून बघावीत, आणि कागद आधी मागावेत.