गाठ की गुठळी

तळहात छातीवर ठेवा, मधोमध, किंचित डावीकडे. दाबू नका. ठोका येईल. दिवसाकाठी लाखभर वेळा येतो, तेव्हा घाई नाही.

हाताखालच्या या मुठीएवढ्या स्नायूत मूळचा कर्करोग अगदी क्वचित. त्याच्या पेशी मोठेपणी जवळजवळ विभागतच नाहीत, हे त्यामागचं एक कारण मानतात. इथे जे सापडतं ते बहुतेक दुसरीकडून आलेलं: फुफ्फुसातून, स्तनातून, त्वचेच्या मेलॅनोमातून. पुष्कळदा ते हृदयाच्या आवरणापाशीच थबकतं आणि तिथे पाणी साठतं. मूत्रपिंडातली गाठ मात्र कधी कधी वेलासारखी शिरेत शिरते, पोटातल्या मोठ्या नीलेतून वर चढत थेट उजव्या कर्णिकेत पोचते. आणि माणसाला बरेचदा काहीच जाणवत नाही.

ही वाट मनात एकदा खालून वर चालून पाहा. सावकाश.

आता तुम्ही टू-डी इकोच्या खोलीत, डाव्या कुशीवर. बरगड्यांवर गार जेल. पडद्यावर कर्णिका उघडते, मिटते, आणि आत काहीतरी डुलतंय. गाठ की गुठळी? शब्द सख्ख्या बहिणींसारखे, उपचार मात्र अगदी वेगळे. गुठळीला रक्त पातळ करणारं औषध देतात. गाठ त्याला दाद देत नाही.

या प्रश्नापाशी जरा बसा. उत्तर मागू नका.

मग एमआरआयची नळी. काचेपलीकडून आवाज येतो: श्वास घ्या, सोडा, आता धरा. छाती थांबते; हृदय कोण थांबवणार? यंत्र ईसीजीच्या तालावर चालतं, अनेक ठोक्यांतले नेमके सारखे क्षण वेचून त्यांचं एक चित्र जुळवतं. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम सोडलं जातं. गुठळीला सहसा स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती काळीच राहते. गाठ आपल्यापुरत्या रक्तवाहिन्या उभ्या करते, म्हणून बहुधा उजळते. बहुधा, कारण मोठ्या गाठीचा मेलेला गाभाही काळाच दिसतो.

उशिराची चित्रं दहाएक मिनिटांनी काढतात. तेवढा वेळ आहे, तर पेट स्कॅन आठवा. तिथे किरणोत्सारी साखर टोचतात आणि हावरी गाठ ती ओढून घेते. पण हृदयही साखर खातं. तेच लखलखलं, तर त्यातली गाठ दिसायची कशी? म्हणून आदल्या दिवशी भात, पोळी, फळं, साखर बंद. अंडी, पनीर, तूप चालतं. मग रात्रभर उपाशी. हृदय चरबीवर भागवायला लागतं आणि चित्रात अंधारतं. आपल्या एकादशीला साबुदाणा, रताळं, बटाटा चालतो, या उपवासाला नेमकं तेच वर्ज्य! मावशीने मायेने आणलेली वाटीभर खिचडी सगळी तपासणी बिघडवू शकते.

दहा मिनिटं झाली. पुन्हा तोच आवाज. श्वास घ्या. सोडा. धरा.

पडद्याकडे पाहा. उजव्या कर्णिकेतल्या त्या काळ्या ठिपक्याची कड हळूहळू उजेड धरतेय. नजर खाली न्या, शिरेच्या वाटेने. तिथेही.