फोटो काढून काय होणार?

महिन्याभरापूर्वी आमच्या ऑफिससमोरची पोह्यांची गाडी अतिक्रमणवाल्यांनी उचलली. मी हातातला चहा खाली ठेवला आणि मोबाईल काढला. ट्रकमध्ये चढवली जाणारी गाडी, हात जोडणाऱ्या काकू, सगळं शूट केलं. रात्रीपर्यंत व्हिडिओ बराच फिरला. आठवड्याने काकू कोपऱ्यावर डबा घेऊन बसलेल्या दिसल्या. "तुम्ही व्हिडिओ काढला होता ना, त्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. 'व्हायरल झाला' हे काही उत्तर नव्हे, एवढं मलाही कळलं.

तेव्हा आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' आठवला. हा माणूस समाजशास्त्र शिकलेला, सिनेमा शिकला तो करता करताच. बिहारमधल्या जेपी आंदोलनावरच्या पहिल्या फिल्मसाठी त्यांनी सुपर-८ कॅमेऱ्यावर टिपलेली दृश्यं पडद्यावर दाखवून १६ मिमी कॅमेऱ्याने पुन्हा टिपली होती. शुद्ध जुगाड!

१९८५चा 'हमारा शहर' मुंबईतल्या झोपड्या पाडण्याबद्दल आहे. त्यात झोपडी गेलेली एक बाई थेट कॅमेऱ्यामागच्या माणसावरच चिडते. आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्याचा काय उपयोग, असा तिचा सवाल. एडिटिंग टेबलावर हा शॉट उडवणं किती सोपं होतं! तो ठेवलाय. आम्ही इंजिनिअर लोक जाणतो, लाज वाटते म्हणून एरर लॉग डिलीट केला की बग जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

पण दोष कबूल केला म्हणजे देणं फिटलं का? मला नाही वाटत. प्रामाणिकपणाचंही श्रेय शेवटी दिग्दर्शकालाच मिळतं, बाई उघड्यावरच राहते. १९८६ मध्ये कफ परेडची संजय गांधी नगर वस्ती पाडली गेली, तेव्हा पटवर्धन रहिवाशांसोबत उपोषणाला बसले. शबाना आझमीही होत्या. शेवटी त्या लोकांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. हे काम फिल्मने नाही केलं, तिथे बसलेल्या माणसांनी केलं.

मग फिल्म कशाला? याचं उत्तर मला 'जय भीम कॉम्रेड'मध्ये सापडतं. 'हमारा शहर'मध्ये गाणारे शाहीर विलास घोगरे. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी गळफास घेतला. पटवर्धन तिथे गेले आणि १४ वर्षं जात राहिले. बातमी संपली, खटले रेंगाळले, तरी चित्रण चालूच. त्या १४ वर्षांनी घोगरे परत आले नाहीत. पण ज्याला एकदा आपल्या चौकटीत घेतलं, त्याला वाऱ्यावर सोडलं नाही.

प्रत्येकाने उपोषण करावं असं मी म्हणत नाही, मलाही जमणार नाही. साक्षीदार असणं हेही काम आहे. पण साक्षीदाराला तारखेला हजर राहावं लागतं. आपण पहिल्याच दिवशी साक्ष देऊन, लाईक्स घेऊन घरी जातो.

गेल्या शनिवारी काकूंबरोबर जप्तीच्या गोदामात गेलो. गाडी मिळाली नाही. दंड कुठे भरायचा आणि कुठला कागद कमी आहे, एवढंच कळलं. येत्या शनिवारी परत जायचंय.