भाकरी का चिरते

भाकरी शिकायला बसलेली मुलगी हमखास विचारते, ‘पाणी किती घालू?’ शिकवणारी सांगते, ‘पीठ मागेल तेवढं.’ नवख्याला ही टाळाटाळ वाटते. मला मात्र याहून प्रामाणिक उत्तर सुचत नाही.

कारण ज्वारीतच आहे. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून पाण्याचा हिशेब थोडा चुकला तरी पोळी सांभाळून घेते. ज्वारीत ते नसतं. पीठ धरून ठेवायचं काम पिष्टावर येतं. कढत पाण्याने पिष्टाचे कण फुगून चिकट होतात आणि परातीत तळहाताच्या टाचेने रगडून मळलं की गोळा एकजीव होतो. पण हा चिकटपणा रोज सारखा नसतो. दळण ताजं की जुनं, बारीक की भरड, यावर तो ठरतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचंही पीठ फार दिवस डब्यात राहिलं की विरी, म्हणजे हा चिकटपणा, जातेच. कालचं माप आज कसं चालेल?

मग शिकवायचं काय? माझ्या मते, बिघडलेली भाकरी वाचायला शिकवायचं. थापताना कड चिरली, तर गोळ्याला पाण्याचा हात लावून पुन्हा मळून बघायचं. कड जुळली तर पाणी किंवा मळणं कमी पडलं होतं. तरीही फाटतच राहिली तर विरी गेली. परातीला चिकटली तर गोळा सैल झाला किंवा खाली पीठ कमी पडलं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायला उशीर झाला की तेवढ्यात पृष्ठभाग कोरडा पडून तडकतो. पापुद्रा सुटला नाही तर थापताना भाकरी कुठे जाड, कुठे पातळ झाली का, की एखाद्या चिरेतून वाफ निघून गेली, ते पाहायचं.

हे वाचन हाती यायला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ आपण देत नाही. डबे भरायची घाई असते. भाकरी फाटायला लागली की मोठं माणूस ‘आण इकडे’ म्हणत गोळा हातातून घेतं आणि दोन मिनिटांत गरगरीत भाकरी तव्यावर टाकतं. त्या दिवशीचं जेवण सावरतं, पण त्या मुलीची भाकरी का फाटली हे तिला कळतच नाही. अपूर्णांकांच्या गणितावर लाल फुली मारून शेजारी बरोबर उत्तर लिहून देणारे शिक्षकही हेच करतात. पोराने छेदांची बेरीज केली होती, हे दोघांच्याही नजरेतून सुटतं आणि पुढच्या गणितात तो तेच करतो. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच आहे, की दुरुस्त करण्याआधी ‘कशामुळे झालं असेल?’ असं विचारून थोडं थांबावं. पहिली उत्तरं चुकतील, चुकू द्यावीत. गोळा मात्र तिच्याच हातात राहू द्यावा.

असा वेळ मिळालेली मुलगी हळूहळू थापायच्या आधीच, मळतानाच ओळखते, की आज पीठ धरत नाहीये. मग ती कुणाला हाक मारत नाही. थोड्या पिठाची उकड काढते, उरलेल्यात मिसळून मळते आणि थापायला घेते.