कलमाचे रिकामे वर्ष



हापूसच्या कलमाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. एका वर्षी फांद्या वाकेपर्यंत धरते, पुढच्या वर्षी नुसती पालवी दाखवते. आंबा पोसताना झाडातला साठा संपतो. फळ उतरल्यावर नवी पालवी फुटावी, ती जून व्हावी, तेव्हा तिच्या टोकाला मोहोर येतो. थकलेल्या झाडाला हे सारे एका पावसात जमत नाही, म्हणून ते आणखी एक वर्ष घेते. आपण त्याला वाया गेलेले वर्ष म्हणतो. झाडाच्या दृष्टीने पाहिले, तर पुढच्या आंब्याची तयारी त्याच वर्षी चाललेली असते.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर अभ्यास करून बागायतदारांना 'कल्टार' वापरण्याची रीत घालून दिली. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते बुंध्याभोवती घालतात. पालवीची वाढ आवरते आणि झाड मोहोराकडे वळते. यात पाप काही नाही. बुद्धी देवानेच दिली आहे आणि कर्जाचे हप्ते एक वर्षाआड येत नाहीत. पण जाणकार हेही बजावतात की औषध सशक्त झाडालाच द्यावे, मापात द्यावे आणि सोबत खतपाणी वाढवावे. नुसता मोहोर मागत राहिलो, तर कलम खंगते.

झाडाची ही गोष्ट माणसालाही लागू पडते. आपण स्वतःला आणि घरच्यांना दरवर्षीच्या उत्पन्नावर मोजू लागलो आहोत. गुडघे धरलेले आजोबा म्हणतात, "आता माझा काय उपयोग?" बाळंतीण चार दिवस जास्त पडून राहिली, तर तिलाच अपराधी वाटते. जणू देवाचे प्रेमही मजुरीसारखे आहे. हजेरी लागली तरच मिळणार.

जुन्या करारात लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएलला सांगतो की सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी. तेथे लोकांचा प्रश्नही लिहून ठेवला आहे: पेरले नाही तर खायचे काय? देव त्या प्रश्नावर रागावत नाही. सहाव्या वर्षी तीन वर्षे पुरेल एवढे पीक देण्याचे वचन तो देतो. हात कामात असताना देवावर भरवसा ठेवणे त्या मानाने सोपे असते, कारण तेव्हा आपला निम्मा भरवसा आपल्या हातांवरच असतो. हात रिकामे झाले, म्हणजे खरा भरवसा किती ते कळते.

मग विश्रांती आणि आळस यांत फरक काय? संत थॉमस अक्वायनस यांनी याचे उत्तर फार मार्मिक दिले आहे. शब्बाथ पाळण्याची आज्ञा आत्म्याला देवाच्या ठायी विसावा घ्यायला सांगते आणि आत्मिक आळस हा त्या विसाव्याच्याच विरुद्ध आहे, असे ते म्हणतात. म्हणजे ज्याला देवाजवळ स्वस्थ बसवत नाही, तोही आळशीच. या अर्थाने सकाळपासून रात्रीपर्यंत राबणारा माणूससुद्धा आळशी असू शकतो. धावण्याने तो एकच गोष्ट टाळत असतो: देवासमोर रिकाम्या हातांनी उभे राहणे.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. प्रत्येक रिकामेपण देवाने दिलेला ऋतू नसतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. त्यात आपल्या कोकणातली किती घरे होरपळली, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कितीतरी जण गावी परतले आणि अनेकांना ते काम पुन्हा कधीच मिळाले नाही. अशा माणसाला "देव विश्रांती देतो आहे, भरवसा ठेव" म्हणणे क्रूर ठरले असते. त्याआधी चारच महिने, सप्टेंबर १९८१ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमांवरील आपल्या विश्वपत्रात बेकारीला सर्वच बाबतींत अनिष्ट म्हटले होते. माणसांनी लादलेल्या उपासमारीला देवाची इच्छा म्हणू नये. तेथे भरवशाचा अर्थ शेजाऱ्याने तांदूळ पोहोचवणे आणि कामासाठी शब्द टाकणे असाच होतो. अनेकदा देव आपले वचन आपल्याच हातांनी पाळतो.

हाच न्याय दुसऱ्या बाजूनेही लागू आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा देताना देव मुद्दाम दासदासींना आणि बैलालाही विश्रांती द्यायला सांगतो. आपण रविवारी मिस्साला यायचे आणि आपल्याकडच्या गड्याने सातही दिवस राबायचे, हा शब्बाथ नव्हे. मजुरी कापण्याच्या भीतीने जो तापातही कामावर येतो, त्याला आपण भरवसा शिकवू शकत नाही. एका दिवसाची भरपगारी सुट्टी मात्र देऊ शकतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराचे झाड आठवा. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक ते तोडायला निघाला होता. माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. आळे खणतो, खत घालतो म्हणाला. तो दाखला पश्चात्तापाचा आहे, हे खरे. पण माळी झाडाला दटावत नाही, मुळाशी काम करतो. आपल्या घरात कुणाचे रिकामे वर्ष चालू असेल, आजारपणाचे, म्हातारपणाचे किंवा नोकरी सुटल्याचे, तर आपणही त्याच्यासाठी ते एक वर्ष मागावे आणि फावडे हाती घ्यावे.

या रविवारी मिस्सानंतर अशा एकाच्या घरी थोडा वेळ जाऊन बसू या. 'आता काय करता?' एवढे मात्र विचारायचे नाही. आपले रिकामे वर्ष येईल तेव्हा आपल्याजवळही कुणी असेच येऊन बसावे, आणि तोवर देवाने आपल्याला धीर द्यावा, हीच प्रार्थना.